डिझाइन डिस्ट्रिक्टमध्ये दिव्यांचं दुकान : कोपऱ्यावरचा गाळा घ्यावा की मागच्या गल्लीतला पहिला मजला?

दिवेवाली

नमस्कार मंडळी. मी दिवे करते. हातकागद, वेत आणि पितळेची पट्टी वापरून टांगायचे आणि टेबलावर ठेवायचे. आजवर सगळं स्टुडिओतून आणि प्रदर्शनांतून विकलं गेलं. घेणारे बहुतेक इंटिरियरवाले आणि आर्किटेक्ट. एखादं घर किंवा एखादी लॉबी हातात असली की ते एकदम मोठी ऑर्डर देतात. सुटा एक दिवा आवडला म्हणून घेऊन जाणारी माणसं कमी, आणि ती वाढावीत अशी माझी फार इच्छा आहे. म्हणून आता दुकान काढायचं ठरवलंय.

शहरातल्या डिझाइन डिस्ट्रिक्टमध्ये दोन जागा मिळू शकतात. पूर्वी तिथे गोदामं होती. आता फर्निचर, टाइल्स, पडद्यांचं कापड यांची शोरूम्स आहेत, काही गॅलऱ्या आहेत आणि अलीकडे महागडे कपड्यांचे ब्रँड यायला लागलेत.

पहिली जागा नव्या इमारतीत, तळमजल्यावर, अगदी कोपऱ्यावर. लहान आहे, पण दोन बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत काच. एक काच पश्चिमेला. अर्धी गल्ली एकाच कंपनीच्या मालकीची आहे आणि हा गाळाही तिचाच. किमान भाडं ठरलेलं, आणि विक्री एका आकड्याच्या वर गेली की वरच्या विक्रीवर टक्केवारी. करार तीन वर्षांचा.

दुसरी मागच्या गल्लीत, जुन्या गोदामाचा पहिला मजला. क्षेत्रफळ जवळजवळ तिप्पट, छत उंच, खिडक्या लहान आणि उत्तरेकडच्या. फक्त जिना, लिफ्ट नाही. भाडं सरळ, टक्केवारी वगैरे काही नाही. मालक एक कुटुंब आहे, पाच वर्षांची तयारी दाखवतात.

ज्याला विचारावं तो म्हणतो कोपरा सोडू नकोस. पण मी दुपारी तिथे एक दिवा नेऊन लावून पाहिला, तर तो चालू आहे की बंद तेच कळेना. तोच दिवा गोदामात लावला आणि भिंतीवर वेताची जाळी उमटली.

टक्केवारीचं भाडं चांगलं की वाईट? पहिल्या मजल्यावर दुकान चालतं का? आणि करार वाचताना कुठे थांबून नीट बघायचं? जाणकारांनी मनापासून सांगावं, ही विनंती.

ओळंबा

दिवा घेऊन गेलात हे उत्तम केलंत. भर उन्हात बाहेर एक लाख लक्सपर्यंत (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, ढगाळ दिवशीही काही हजार. लख्ख उजळलेल्या कुठल्याही दुकानात आत 500 च्या आसपास. डोळा बाहेरच्या उजेडाला सरावलेला असतो, म्हणून काचेजवळचा दिवा विझल्यासारखा वाटतो. त्यात बाहेर उजेड आणि आत अंधार असला की काचेचा आरसा होतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला समोरची इमारत दिसते, तुमचा माल नाही. कपड्यांचं दुकान आतून जास्त उजेड फेकून हे सावरून घेतं. तुम्हाला तो उपाय बंद आहे, कारण आतला उजेड वाढवाल तितके तुमचे दिवे फिके पडणार. माझ्या मते दिव्यांच्या दुकानात साधारण उजेड शंभर-दीडशे लक्सच्या वर जाऊच नये.

पश्चिमेच्या उन्हाचा दुसरा त्रास मालाला. कागद पिवळा पडतो, वेत ठिसूळ होतो. काचेला यूव्ही फिल्म लावलीत तर वेग कमी होईल, थांबणार नाही.

आता छताचं बघा, कारण तुमचा अर्धा माल टांगायचा आहे. नव्या इमारतींत स्लॅब अनेकदा पोस्ट-टेन्शन्ड असतो, म्हणजे काँक्रीटच्या आत ताणलेल्या पोलादी केबल्स असतात. स्कॅन न करता ड्रिल मारलं आणि केबलला लागलं तर प्रकरण फार गंभीर होतं, म्हणून मालक छताला भोक पाडू देत नाहीत किंवा प्रत्येक भोकासाठी लेखी परवानगी मागतात. दिवे सतत खाली-वर, इकडे-तिकडे करणाऱ्या माणसाला हा जाच आहे. हे आधी विचारा. गोदामात तुळया दिसत असतील. स्ट्रक्चरल इंजिनियरला एकदा दाखवा आणि तो म्हणेल त्या तुळयांवरून लोखंडी पाइपांची जाळी सोडून घ्या. मग पाइपावर हवा तो दिवा हवा तिथे लावता येईल, छताला पुन्हा हात लावायची गरज नाही.

वायरिंगचंही सांगतो. एलईडीमुळे दिव्यांचा लोड किरकोळ असतो, खरा लोड एसीचा. पण सर्किट भरपूर पाडा आणि प्रत्येकाला डिमर द्या. शेजारचा दिवा मंद केल्याशिवाय गिऱ्हाइकाला हातातला दिवा कळत नाही.

जिन्याबद्दल मात्र मला काळजी वाटते. वयस्कर माणसं, व्हीलचेअरवरची माणसं येणार नाहीत, आणि ती तुमची गिऱ्हाइकं असू शकतात. जुन्या गोदामांना वरच्या मजल्यावर माल ओढून घ्यायचा दरवाजा असतो. तो अजून असेल तर त्या ठिकाणी छोटी लिफ्ट बसवता येईल का, हे मालकांशी आत्ताच बोला.

भाडेपट्टा

दिवेवालीताई, मी बरीच वर्षं मालकांच्या बाजूने दुकानांचे करार केले. त्यामुळे समोरचा माणूस काय विचार करतोय ते सांगू शकतो.

आधी टक्केवारी. समजा वर्षाचं किमान भाडं 100 आणि टक्केवारी 8. शंभराला आठ टक्क्यांनी भागलं की 1250 येतात. विक्री 1250 होईपर्यंत तुम्ही 100 च देता, कारण 1250 चे आठ टक्के म्हणजेच 100. विक्री 1500 झाली तर वरच्या 250 वर आठ टक्के, म्हणजे 20 जास्त. याला नैसर्गिक उंबरठा म्हणतात आणि तो न्याय्य आहे. पण करारात तो आकडा 900 लिहिला असेल तर त्याच 1500 विक्रीवर 600 चे आठ टक्के, म्हणजे 48 जास्त. टक्केवारी तीच, भाडं वेगळं. तेव्हा उंबरठ्याचा आकडा कुठून आला, हे विचारा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट तुमच्या बाबतीत वेगळीच आहे. करारात 'एकूण विक्री' कशाला म्हटलंय, तो परिच्छेद शांतपणे वाचा. तुमचा खरा धंदा आर्किटेक्टच्या ऑर्डरींचा. तो दुकानात येतो, नमुना बघतो, घरी जातो, दोन महिन्यांनी तुमच्या स्टुडिओला ईमेल करतो, माल स्टुडिओतून जातो आणि बिलही तिथूनच निघतं. ही विक्री दुकानाची की स्टुडिओची? मालकाच्या वकिलाने 'या जागेतून, जागेमुळे किंवा जागेच्या संबंधाने झालेली सर्व विक्री' असं लिहिलं असेल तर तुमच्या इतक्या वर्षांच्या ओळखींवरही मालकाचा टक्का बसतो. वेबसाइटवरची ऑर्डर गिऱ्हाईक दुकानात घ्यायला आलं, तरी तोच वाद. मी असे करार लिहिलेत, म्हणून अगदी आग्रहाने सांगतो: जागेतच बिल झालेली आणि तिथूनच नेलेली विक्री, एवढीच व्याख्या मागा. कर, परत आलेला माल आणि व्यावसायिकांना दिलेली सूट त्यातून वगळून घ्या. हे मान्य होत नसेल तर टक्केवारीच नको, थोडं जास्त सरळ भाडं परवडलं.

दुसरं, परिघाचं कलम. ठरावीक अंतराच्या आत दुसरं दुकान काढायचं नाही, अशी अट मोठे मालक घालतात. स्टुडिओ त्या परिघात येत असेल आणि तिथे लोक दिवे बघायला येत असतील तर कागदोपत्री तुम्ही कराराचा भंग करताय. स्टुडिओचा अपवाद नावानिशी लिहून घ्या.

आता मुदत. कोपऱ्याच्या जागेत मला सगळ्यांत खटकते ती ही तीन वर्षं. कंपनी तुमच्यासारख्यांना का बोलावते, हे समजून घ्या. अशा वस्तीत हाताने काही घडवणारी माणसं असली की वस्तीला चेहरा येतो, लोक फिरायला येतात, मासिकांत फोटो येतात. मग मोठे ब्रँड येतात आणि भाडी त्यांच्या हिशेबाने ठरतात. ब्रँड दुकानाकडे जाहिरात म्हणून बघतो, त्याला दुकानाच्या गल्ल्यातून भाडं निघावं लागत नाही. तुम्हाला लागतं. साधारण दुकानाला भाडं आणि मेंटेनन्स मिळून विक्रीच्या दहा-पंधरा टक्क्यांच्या वर गेलं की दम लागतो.

मायामीचं डिझाइन डिस्ट्रिक्ट बघा. अननसाचे मळे असलेल्या थिओडोर मूर यांनी 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे फर्निचरचं शोरूम उभारलं आणि त्याभोवती फर्निचरवाल्यांची वस्ती झाली. 1980 च्या दशकात ती ओस पडत गेली. 1990 च्या दशकात क्रेग रॉबिन्स या बिल्डरने इमारती घेत घेत ती पुन्हा डिझाइनच्या शोरूम्सनी भरली. 2002 मध्ये मायामी बीचवर आर्ट बाझल हे कलेचं मोठं प्रदर्शन सुरू झालं, 2005 मध्ये डिझाइन मायामी हे डिझाइनचं प्रदर्शन आलं, गर्दी वाढली. त्यानंतर एलव्हीएमएच या महागड्या ब्रँडांच्या कंपनीशी संबंधित गुंतवणूकदार आले आणि 2012 च्या आसपासपासून एर्मेस, लुई व्हितॉं अशी दुकानं. आज तिथे उत्तम वास्तुकला आहे, चांगलं म्युझियम आहे, फिरायला सुरेख जागा आहे. पण फर्निचर आणि टाइलवाल्यांपैकी बरेच जण भाड्यामुळे बाहेर पडले. यात कोणी दुष्ट आहे असं मी म्हणत नाही. अर्धी गल्ली एका मालकाच्या हातात असली की तो अख्ख्या गल्लीचा हिशेब करतो आणि त्यात लहान दुकानाची जागा ठरावीक काळापुरतीच असते.

म्हणून नूतनीकरण 'बाजारभावाने' असं लिहिलेलं असेल तर ते तुमच्या कामाचं नाही. तीन वर्षांनी बाजारभाव शेजारचा कपड्यांचा ब्रँड ठरवणार. वाढीला वरची मर्यादा मागा आणि नूतनीकरणाचा हक्क तुमच्याकडे ठेवा. 'पुनर्विकासासाठी मालक मुदतीआधी जागा परत घेऊ शकतो' असं वाक्य असेल तर त्याबदल्यात फिट-आउटचा, म्हणजे जागा दुकानासाठी तयार करण्याचा, उरलेला खर्च परत मिळाला पाहिजे.

आणि फिट-आउट भाड्यात धरायला विसरू नका. त्याला 90 लागले आणि करार तीन वर्षांचा, तर वर्षाला 30 भाड्यातच मिळवा. पाच वर्षांत तेच 18 होतात.

चाकावरची

मी मातीची भांडी करते. माझं दुकान अशाच एका भागात पहिल्या मजल्यावर आहे, बरीच वर्षं. पहिल्या मजल्यावर चालतं का, याचं उत्तर मनापासून 'हो' आहे, पण त्यासाठी खाली रस्त्यावर थोडी जागा लागते. जिन्याच्या तोंडाशी भिंतीत काचेची एक पेटी, आत एक भांडं, वर नाव. माझी निम्मी अनोळखी गिऱ्हाइकं त्या पेटीमुळे वर येतात. पेटी करारात लिहून घ्या, मापासकट. जिन्याचा उजेड कोणी लावायचा, सुट्टीच्या दिवशी खालचा दरवाजा कोण उघडणार, हेही लिहून घ्या. बंद दरवाज्यामुळे जितकी विक्री जाते तितकी जिन्यामुळे जात नाही.

जागा ठरवण्याआधी त्या गल्लीत कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला जाऊन बसा आणि सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी पुन्हा जा. दोन्ही वेळची माणसं वेगळी असतात. सकाळी इंटिरियरवाली एखाद्या जोडप्याला घेऊन येते, पिशवीत टाइलचे तुकडे, कापडाचे नमुने, घराचा नकाशा. त्यांना हे सगळं पसरायला मोठं टेबल लागतं, बसायला खुर्च्या लागतात, तासभर कोणी हटकू नये असं वाटतं. लहान कोपऱ्यात टेबल ठेवलंत तर दिवे कुठे ठेवणार? संध्याकाळची माणसं फिरायला आलेली असतात, हातात कॉफी, बघतात, फोटो काढतात, जातात. त्यांतली काही महिन्यांनी परत येतात आणि मग घेतात. त्यांना मी कधीच कमी लेखत नाही. पण दुकान सकाळच्या गिऱ्हाइकांवर चालतं.

रस्त्यावरून किती माणसं जातात हे मोजून लोक भाडं ठरवतात, ते पटत नाही मला. जिना चढून जो वर येतो तो बघायलाच आलेला असतो. त्याच्याशी बोलायला वेळ मिळतो, भांडं हातात देता येतं. वस्तू हातात घेतल्यावर ती कशी केली हे विचारायला माणूस आपोआप सुरुवात करतो, आणि माझ्यासाठी दुकानाचं सुख त्यातच आहे.

शेजारी कोण आहे ते बघा. खाली किंवा बाजूला टाइल किंवा पडद्याचं कापड असेल तर ती गिऱ्हाइकं तुमचीच. दुसरं दिव्यांचं दुकान असलं तरी घाबरू नका. घर लावणारी माणसं एका फेरीत चार ठिकाणी बघतात, आणि चार ठिकाणं जवळ असली तर त्याच भागात येतात.

चौकट

मी गालिचे विकतो आणि मी कोपऱ्याच्या बाजूने बोलणार, कारण सगळे दुपारचाच विचार करतायत. दिव्याचं दुकान संध्याकाळी बघायचं असतं. अंधार पडल्यावर तोच काचेचा कोपरा संपूर्ण गल्लीतून दिसेल. दुकान बंद झाल्यावरही टायमरवर दिवे चालू ठेवता येतात, आणि जेवून परतणारी माणसं थांबून बघतात. अशी जाहिरात गल्लीतल्या कुठल्याच दुकानाला फुकट मिळत नाही. नव्या माणसांनी नाव ओळखावं असं ताईंना वाटतंय ना, मग पहिल्या मजल्यावर ती ओळख व्हायला फार वेळ जाईल. शिवाय पश्चिमेच्या काचेला आतून पडदा किंवा जाळी लावून ऊन अडवता येतं, तो काही न सुटणारा प्रश्न नाही.

ओळंबा

चौकट, संध्याकाळचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण पश्चिमेला पडदा लावायचा तर मालकाचे दर्शनी भागाचे नियम आधी बघावे लागतील. एकमालकी गल्ल्यांत काचेचा किती भाग झाकायचा, आतून काय चिकटवायचं, पाटीचं अक्षर केवढं, सगळं लिहिलेलं असतं. काचेपासून दोन हात आत अपारदर्शक भिंत उभी करून मागे अंधारी खोली करता आली असती. त्या लहान गाळ्यात मग उरतं काय?

दिवेवाली

इतक्या मनापासून लिहिलंत, सगळ्यांचे आभार. काल दोन्हीकडे पुन्हा बोलले.

कंपनीने छताला भोक पाडायला स्पष्ट नकार दिला. त्यांनी बसवलेल्या ट्रॅकवरच टांगायचं, आणि ट्रॅक फक्त मधोमध आहे. विक्रीची व्याख्या भाडेपट्टादादांनी लिहिली जवळजवळ तशीच निघाली, 'जागेच्या संबंधाने झालेली'. बदलाल का विचारलं तर वरिष्ठांना विचारून सांगतो म्हणाले.

गोदामाच्या मालकीणबाई जिन्यापाशी पेटी द्यायला तयार आहेत. माल ओढायचा दरवाजा आहे, विटांनी बुजवलेला. लिफ्टचा खर्च त्यांनी निम्मा उचलावा असं मी सुचवलंय. त्यांचं म्हणणं, पाच वर्षं तोंडी पक्की आहेत, कागद मात्र दर वर्षी नवा करू, इतकी वर्षं भाडेकरूंशी असंच चालत आलंय. बाई प्रेमळ आहेत, मला त्यांच्यावर अविश्वास दाखवायचा नाही. काय करावं? आणि चौकटदादा, संध्याकाळचा तो कोपरा डोक्यातून जात नाहीये, हेही खरं.

भाडेपट्टा

बाईंवर विश्वास ठेवा आणि कागद पाच वर्षांचा करा. इमारत कुटुंबाची आहे, म्हणजे उद्या निर्णय मुलं किंवा भावंडं घेतील, आणि तोंडी शब्द त्यांना बांधत नाही. त्यांना असंच सांगा: मी लिफ्टमध्ये आणि छताच्या जाळीत पैसे घालणार आहे, ते पाच वर्षांत फिटतात, म्हणून लेखी हवं. प्रेमळ माणसाला हे कारण लगेच कळतं. दर वर्षाची भाडेवाढ किती, तेही आत्ताच आकड्यात लिहा. कुटुंबातल्या किती जणांची नावं मालकीच्या कागदावर आहेत ते पाहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. करार नोंदवून घ्या, आणि इमारत विकली गेली तर नवीन मालकावर तो बंधनकारक राहील हे वाक्य त्यात असू द्या. वस्तीला भाव आला की अशा इमारती विकल्या जातातच.

कोपऱ्यासाठी दुसरी वाट आहे. मिलानमध्ये 1961 पासून फर्निचरचं मोठं प्रदर्शन भरतं, आणि त्या आठवड्यात ब्रेरा आणि तोर्तोना या भागांतली दुकानं, अंगणं, कारखान्यांचे हॉल आठवड्यापुरते भाड्याने दिले जातात. तुमच्या भागातही डिझाइन वीकसारखं काही होत असेल तर कंपनीला विचारा: गाळा रिकामा असेल तेव्हा थोड्या दिवसांसाठी, संध्याकाळच्या वेळेपुरता, सरळ भाड्याने द्याल का? रिकामी काळी काच कुठल्याच मालकाला आवडत नाही. अशा छोट्या करारात टक्केवारी आणि परिघाचं कलम घालू देऊ नका.

चाकावरची

पेटीचं माप किती म्हणाल्या त्या? टांगलेला दिवा पूर्ण दिसायला निदान चार फूट उंची लागेल. आणि पेटीला वीज तुमच्या मीटरवरून घ्या, जिन्याच्या सामाईक मीटरवरून नको. जिन्याचे दिवे रात्री कोणीतरी बंद करतं, आणि तुमची पेटी तेव्हाच चालू हवी.

दिवेवाली

माप घेतलं नव्हतं. उद्या टेप घेऊन जाते, आणि मीटरचंही विचारते. पाच वर्षांच्या कागदाबद्दल रविवारी त्यांच्या मुलालाही सोबत बसवणार आहे.